इंटरनेट नसलेल्या गावात विकिपीडिया: जुन्या लॅपटॉपवर स्वतःचा सर्व्हर कसा उभारायचा

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला जी गावं लागतात तिथं मोबाईलची रेंज वाऱ्यासारखी येते आणि जाते. पावसाळ्यात लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरही मुका होतो. अशाच एका गावच्या अभ्यासिकेत मी एक जुना लॅपटॉप आणि एक साधा राऊटर बसवून दिला. अख्खा मराठी विकिपीडिया, चित्रांशिवायचा इंग्रजी विकिपीडिया, विज्ञानाचे प्रयोग, पाठ्यपुस्तकं आणि गोष्टी, सगळं आज त्या लॅपटॉपमध्ये आहे. पहिल्या दिवशी नववीतली एक मुलगी आईच्या फोनवर तापी नदीचा लेख उघडून बसली होती. उगमाच्या जागी मुलताईचं नाव आलं, खाली नकाशा आला. फोनच्या वरच्या कोपऱ्यात मात्र रेंजच्या जागी फुली होती. तिने एकदा त्या फुलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली, "सर, नेट नई शे ना, मंग हाई कसं चाली ऱ्हायनं?"

तिला मी आपल्या घरचंच उदाहरण दिलं. उन्हाळ्यात आई बिबडे-कुरडया करून ठेवते, दादर ज्वारी भरून ठेवते, म्हणून पावसाळ्यात बाजार गाठला नाही तरी चूल पेटते. इंटरनेटचंही तसंच करता येतं. रेंज असेल तिथून एकदाच भरून आणायचं आणि गावात बेगमी करून ठेवायची. फोन वायफायने त्या लॅपटॉपला जोडला जातो आणि पानं लॅपटॉपच देतो. बाहेरच्या जगाशी तारेचा संबंध लागत नाही, रिचार्ज लागत नाही.

हे काम कोणालाही जमण्यासारखं आहे. सॉफ्टवेअर चालू करायला अर्धा तास लागतो. खरा वेळ जातो तो काय भरायचं हे ठरवण्यात आणि भरलेलं उन्हाळ्यात, लोडशेडिंगमध्ये टिकवण्यात. म्हणून या लेखात त्या दोन गोष्टींवर मी जास्त थांबणार आहे.

आधी फोनवर चाखून पाहा

या सगळ्याच्या मुळाशी किविक्स नावाचं मोफत, मुक्त सॉफ्टवेअर आहे. २००७ मध्ये ते सुरू झालं आणि आज स्वित्झर्लंडमधली एक ना-नफा संस्था ते सांभाळते. विकिपीडियासारखी अख्खी वेबसाईट दाबून एका फायलीत बसवायची, अशी त्याची रीत. या फायलीला झिम फाईल म्हणतात. लेख, चित्रं, दुवे, शोधाची सूची, सगळं त्या एका फायलीत असतं. त्यामुळे शोधाच्या चौकटीत 'केळी' टाकलं की उत्तर फायलीतूनच येतं.

लॅपटॉप शोधायच्या आधी आपल्या अँड्रॉईड फोनवर किविक्सचं ॲप घ्या, त्यातून मराठी विकिपीडियाची फाईल उतरवा, फोन विमान मोडवर टाका आणि चार लेख वाचा. हे ॲप हॉटस्पॉट सुरू करून शेजारच्या दोन-चार फोनांनाही पुस्तकं दाखवू शकतं. वाचनालयाच्या समितीला किंवा मुख्याध्यापकांना पटवायचं असेल तर तासभर बोलण्यापेक्षा हे पाच मिनिटांचं प्रात्यक्षिक उपयोगी पडतं. मी तेच केलं होतं.

यंत्र कोणतं

दोन पर्याय आहेत: जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक. गावासाठी माझं मत स्पष्ट आहे, पहिल्यांदा लॅपटॉपच घ्या. त्याला स्वतःची बॅटरी असते, म्हणजे लाईट गेली तरी तो एकदम बंद पडत नाही. स्क्रीन आणि कीबोर्ड अंगचाच असतो, त्यामुळे काही अडलं तर तिथल्या तिथे पाहता येतं. शिवाय तालुक्याच्या गावाला दुरुस्त करणारा मिळतो.

४ जीबी रॅम असलेला दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही या कामाला पुरतो, कारण किविक्सचा भार फार हलका आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून पाठिंबा थांबवला. विंडोज ११ न घेणारे कितीतरी लॅपटॉप त्यामुळे घराघरांत पडून आहेत. तेच मागून घ्या. त्यांच्यावर विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकली की ते पुन्हा पळायला लागतात. फिरती हार्ड डिस्क असेल तर तेवढी बदलून एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. जुन्या यंत्रावर करण्यासारखा हा एकच खर्च आहे.

घेतलेला लॅपटॉप आडवा धरून डोळ्याजवळ न्या आणि टचपॅडकडे नीट पाहा. टचपॅड किंवा खालचं झाकण फुगीर दिसत असेल तर आतली बॅटरी फुगलेली आहे. ती लगेच काढून टाका, टोचू नका, दाबू नका. चोवीस तास चार्जिंगवर राहिलेली बॅटरी आणि आपल्याकडचा मे महिना, हे दोन एकत्र आले की हा धोका वाढतो. बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती चालू करून ठेवा.

उन्हाचं आणखी थोडं. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. पहिल्या उन्हाळ्यात मी लॅपटॉप लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवला, चोरीच्या भीतीने. दुपारी दोनच्या सुमारास तो रोज आपोआप बंद पडायचा. कपाट उघडलं तेव्हा आतली हवा चुलीजवळ बसल्यासारखी होती. आता तो उत्तरेकडच्या भिंतीला, जमिनीपासून दोन फुटांवर, जाळीच्या पेटीत आहे आणि खाली दोन लाकडी पट्ट्या घालून हवा खेळती ठेवली आहे. वर्षातून एकदा, एप्रिल लागायच्या आधी, पंख्यातली धूळ काढायची. केळीच्या आणि कापसाच्या पट्ट्यात धूळ-तंतू किती बसतात ते पंखा उघडल्यावर कळतं.

साठवण: इथे फसगत होते

लॅपटॉपची डिस्क लहान असेल तर बाहेरून एसएसडी किंवा मेमरी कार्ड जोडा. यातल्या दोन गोष्टी मी वेळ घालवून शिकलो.

पहिली म्हणजे बनावट कार्डं. वर २५६ जीबी छापलेलं असतं, संगणकही तेवढंच दाखवतो, पण आत जागा ३२ जीबीची निघते. पुढची माहिती मुकाट्याने नष्ट होते. एका दुकानातून आणलेल्या कार्डावर मी रात्रभर फायली भरल्या आणि सकाळी निम्म्या उघडेनात. तेव्हापासून कार्ड किंवा पेनड्राईव्ह आणला की आधी तपासतो. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू आणि लिनक्सवर एफ-थ्री ही मोफत साधनं आहेत. ती कार्ड काठोकाठ भरतात, परत वाचून पाहतात आणि खरी जागा सांगतात. वेळ लागतो, पण लावा.

दुसरी म्हणजे फॉरमॅट. बाजारातले बरेच पेनड्राईव्ह फॅट-३२ पद्धतीचे असतात आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसतच नाही. कॉपी करताना 'फाईल फार मोठी आहे' असा संदेश आला तर जागा कमी पडली असं समजू नका. ड्राईव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा, म्हणजे विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे चालेल. आधीचं सगळं पुसलं जातं, एवढं लक्षात असू द्या.

काय भरायचं

किविक्सच्या संकेतस्थळावर झिम फायलींचं मोठं ग्रंथालय आहे. तिथं भाषेच्या चाळणीत मराठी निवडा. विकिपीडियाच्या फायलीच्या नावात तीन शब्दांपैकी एक दिसेल. 'मॅक्सी' म्हणजे चित्रांसकट सगळं. 'नोपिक' म्हणजे पूर्ण मजकूर, चित्रं नाहीत. 'मिनी' म्हणजे प्रत्येक लेखाची फक्त सुरुवात. नावाच्या शेवटी वर्ष आणि महिना असतो, म्हणजे तो साठा त्या महिन्याचा आहे.

मराठी विकिपीडिया डोळे झाकून मॅक्सी घ्या. इंग्रजीच्या मानाने तो अगदी छोटा आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या विकिपीडियात आज लाखाच्या आसपास लेख आहेत. पण एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो: यातले कितीतरी लेख दोन-तीन ओळींचे आहेत, विशेषतः गावांवरचे. इतिहास, संतसाहित्य, व्यक्तिचरित्रं यांत बरं सापडतं, विज्ञान आणि गणितात पोरगं लवकर निराश होतं. म्हणून जोडीला इंग्रजी हवंच.

पूर्ण इंग्रजी विकिपीडिया चित्रांसकट १०० जीबीच्या पुढे जातो. जागा असेल तर घ्या, नसेल तर नोपिक घ्या, तो साधारण निम्म्या जागेत बसतो. शाळेसाठी मात्र मला सर्वांत जास्त उपयोगी वाटला तो सोप्या इंग्रजीतला विकिपीडिया. 'सिंपल इंग्लिश' या नावाने तो वेगळा मिळतो. वाक्यं लहान, शब्द ओळखीचे आणि फाईल मोठ्या भावाच्या तुलनेत किरकोळ. आठवी-नववीची मुलं आधी मराठी लेख वाचतात, मग तोच विषय सोप्या इंग्रजीत वाचतात. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. हिंदी विकिपीडियाही घ्या, आपल्या सीमेवरच्या गावांत तो वाचला जातो.

त्यानंतर विक्शनरी, म्हणजे शब्दकोश. मग विकिस्रोत, ज्यात स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं असतात. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवणारे साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुलं आहे. खानदेशातल्या कोणत्याही वाचनालयाच्या साठ्यात ते असलंच पाहिजे.

विज्ञानासाठी फेट घ्या. कोलोरॅडो विद्यापीठातला हा प्रकल्प नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. तारा जोडून बल्ब पेटवायचा, लंबकाची दोरी लांब करायची, आम्लात पाणी घालून पीएच पाहायचा, सगळं पडद्यावर. ज्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे कुलूप लावलेलं कपाट असतं तिथे याची किंमत कळते. याचे कितीतरी प्रयोग मराठीतही झालेले आहेत.

आरोग्यासाठी विकिमेड नावाचा वैद्यकीय लेखांचा संच मिळतो. तो ठेवला तर वर ठळक लिहा की हे वाचण्यासाठी आहे, औषध डॉक्टरच देतील.

बालभारतीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मोफत उतरवता येतात. तिथल्या अटी वाचून, इयत्तेप्रमाणे फोल्डर करून ठेवा. जुन्या पद्धतीच्या फाँटात केलेल्या पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधला तर सापडत नाही, म्हणून फायलीचं नावच नीट मराठीत लिहा: इयत्ता, विषय, आवृत्तीचं वर्ष.

एक खंत इथे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. खानदेशच्या मातीतल्या माणसाने उभं केलेलं ते काम आंतरजालावर मोफत वाचता येतं, पण किविक्सच्या कपाटात ते नाही. मराठीत असं बांधीव, तपासलेलं ज्ञान फार थोडं आहे आणि नेमकं तेच रेंज नसलेल्या पोरापर्यंत पोचत नाही. ते झिम फायलीत यावं असं मला मनापासून वाटतं.

उतरवायचं कुठून

हिशोब करा. रोज २ जीबीचा पॅक असेल तर १०० जीबीची फाईल उतरवायला पन्नास दिवस लागतील, तेही दुसरं काही न पाहता. त्याऐवजी जळगाव, धुळे, अमळनेर, शिरपूर, जिथे फायबरचं कनेक्शन असलेला मित्र असेल तिथे एक रात्र मुक्काम करा. ४० एमबीपीएसचा वेग खरोखर मिळाला तर १०० जीबीला साडेपाच-सहा तास लागतात. ब्राउझरमधून थेट उतरवू नका, मध्येच तुटलं तर सगळं वाया. किविक्स टॉरंटची, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी उतरवायची, फाईलही देतं, ती वापरा. लाईट गेली, कनेक्शन तुटलं, तरी उरलेलं तिथूनच पुढे उतरतं आणि प्रत्येक तुकडा तपासूनच घेतला जातो. थेट उतरवलं असेल तर शेजारी दिलेला एसएचए-२५६ चा आकडा, म्हणजे फाईल न बिघडता उतरली का ते ओळखायची खूण, जुळवून पाहा. गावात पोचल्यावर फाईल खराब निघाली तर पुन्हा पन्नास-साठ किलोमीटरची फेरी आहे.

किविक्स चालू करणं

विंडोजवर किविक्स डेस्कटॉप झिप फोल्डरमध्ये मिळतं. ते उघडून ठेवा, इन्स्टॉल करायची गरज नाही. प्रोग्राम चालू करा, झिम फायली उघडा, मग मेनूमध्ये 'लोकल किविक्स सर्व्हर' निवडून सुरू करा. समोर एक पत्ता येईल. विंडोजची फायरवॉल परवानगी मागेल, 'प्रायव्हेट नेटवर्क'साठी हो म्हणा. हे न केल्यामुळे 'माझ्या लॅपटॉपवर दिसतं, फोनवर दिसत नाही' असं होतं. ही तक्रार घेऊन येणाऱ्याला मी पहिला प्रश्न फायरवॉलचाच विचारतो.

कायमच्या कामासाठी मात्र लिनक्स मिंट बरं. त्याच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये 'किविक्स-टूल्स' शोधून बसवा. मग एका छोट्या स्क्रिप्ट फायलीत एकच आज्ञा लिहा. तिच्यात तीन गोष्टी असतात: किविक्स-सर्व्ह हे प्रोग्रामचं नाव, पोर्टचा म्हणजे प्रोग्रामच्या दाराचा आकडा आणि झिम फायली जिथे ठेवल्या त्या फोल्डरची वाट. वाटेच्या शेवटी तारांकन आणि झिम हे शेपूट लावलं की त्या फोल्डरमधल्या सगळ्या फायली एकदम घेतल्या जातात. पोर्ट ८०८१ द्या, कारण पुढे कळेल. ही स्क्रिप्ट 'स्टार्टअप ॲप्लिकेशन्स'मध्ये जोडा आणि लॅपटॉप पासवर्ड न विचारता आपोआप आत जाईल असं ठेवा. आता लाईट जाऊन बॅटरीही संपली, तर परत आल्यावर गावातल्या कोणीही फक्त बटण दाबायचं, बाकी आपोआप होईल.

दोन सेटिंग विसरू नका. झाकण मिटल्यावर 'काहीच करू नये' आणि झोपेचा वेळ 'कधीच नाही'. नाहीतर वीस मिनिटांनी लॅपटॉप झोपी जातो आणि मुलं म्हणतात, सर्व्हर बिघडला.

राऊटर आणि फोन

लॅपटॉपच्या हॉटस्पॉटवर काम भागवू नका. विंडोजच्या हॉटस्पॉटला एका वेळी आठच उपकरणं जोडता येतात. कोणाच्या तरी घरी जुना वायफाय राऊटर पडलेला असतोच. त्याला इंटरनेट लागत नाही, इंटरनेटची तार लावायचं तोंड रिकामंच राहू द्या. लॅपटॉप मात्र लॅन केबलने राऊटरच्या साध्या तोंडाला जोडा, वायफायने नको. हवेतली सगळी जागा फोनांना मिळते. घरगुती राऊटरवर वीस-पंचवीस मुलं मजकूर आरामात वाचतात, व्हिडिओ पाहू लागली की दहालाच दम लागतो.

राऊटरच्या सेटिंगमध्ये तीन कामं करा. लॅपटॉपला कायमचा एकच पत्ता बांधून द्या, याला 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' म्हणतात, समजा १९२.१६८.१.५०. 'गेस्ट नेटवर्क' वापरू नका, कारण पाहुण्यांच्या नेटवर्कवरचे फोन बऱ्याचदा लॅपटॉपपर्यंत पोचूच शकत नाहीत. आणि राऊटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला, नाहीतर एखादा हुशार मुलगा महिन्याभरात बदलेल.

आता फोन. इथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. वायफाय जोडलं की अँड्रॉईड तपासतो, इंटरनेट मिळत नाही असं दिसलं की विचारतो, 'तरीही जोडलेलं राहायचं का?' हो म्हणायचं आणि 'पुन्हा विचारू नका' यावर टिचकी मारायची. कोणी नाही म्हटलं की फोन हळूच मोबाईल डेटावर उडी मारतो आणि पान उघडत नाही. वापरताना मोबाईल डेटा बंद ठेवणं हाच साधा उपाय आहे.

पत्ता टाकताना आकडे इंग्रजीत टाकायचे, पुढे अपूर्णविराम देऊन पोर्ट, आणि सुरुवातीला एचटीटीपी, शेवटी एस नको. ब्राउझर स्वतःहून एस जोडतात आणि पान अडतं. एवढं सगळं दर मुलाला सांगण्यापेक्षा त्या पत्त्याचा क्यूआर कोड छापून भिंतीवर लावा. आमच्या अभ्यासिकेत तो दाराच्या आतल्या बाजूला आहे, चपला काढताना समोर दिसतो.

धडे, गोष्टी आणि आपली पुस्तकं

किविक्स संदर्भासाठी उत्तम, पण इयत्तेप्रमाणे शिकण्यासाठी कोलिब्री वेगळं आहे. 'लर्निंग इक्वॅलिटी' या संस्थेने ते इंटरनेट नसलेल्या शाळांसाठीच बनवलं आणि त्याचे मेनू मराठीत दिसतात. त्यात प्रत्येक मुलाचं खातं काढता येतं, कोण कुठवर पोचलं ते शिक्षकाला दिसतं. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'च्या गोष्टी त्यात आहेत, लहान मुलांसाठी त्यांपासूनच सुरुवात करा. खान अकॅडमीचे व्हिडिओ मोठे असतात, अख्खा संच घेऊ नका, लागणारे धडे तेवढे निवडा. शहरात एका यंत्रावर उतरवून, पेनड्राईव्हवर काढून गावच्या यंत्रात भरायची सोय कोलिब्रीतच आहे.

पीडीएफ आणि ई-पुस्तकांसाठी कॅलिबर वापरा, त्यात स्वतःचा छोटा सर्व्हर आहे. आणि इथेच पोर्टची गंमत कळते: किविक्स डेस्कटॉप, कोलिब्री आणि कॅलिबर तिघेही मुळात ८०८० हेच दार मागतात. जो आधी चालू होतो तो बसतो, बाकीचे अडतात आणि कारण कळत नाही. म्हणून कोलिब्रीला ८०८० राहू द्या, किविक्सला ८०८१, कॅलिबरला ८०८२. हे आकडे लॅपटॉपच्या झाकणाच्या आत कागदावर लिहून चिकटवा.

विजेचा हिशोब

स्क्रीन बंद ठेवून जुना लॅपटॉप साधारण १० ते १५ वॉट घेतो. बॅटरी बरी असेल तर दोनेक तास सहज जातात. अडचण राऊटरची असते, लाईट गेली की तो तत्क्षणी मरतो आणि लॅपटॉप चालू असूनही कोणाला काही दिसत नाही. राऊटरच्या अडॅप्टरवर पाहा, बहुधा १२ व्होल्ट लिहिलेलं असतं. १२ व्होल्टचा छोटा राऊटर-यूपीएस बाजारात मिळतो, तो घ्या.

मोठं लोडशेडिंग असेल तर १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी पाहा, दुचाकीच्या बॅटरीएवढीच असते. कागदावर ती ८४ वॉट-तास देते, पण शिशाच्या बॅटरीतून निम्म्यापेक्षा जास्त काढू नये, म्हणजे हाती ४२. राऊटर ७ वॉट घेत असेल तर सहा तास. जोडीला सौर पॅनेल असेल तर उन्हाची आपल्याकडे कमी नाही.

रास्पबेरी पाय घ्यायचाच असेल तर तो या हिशोबात उजवा पडतो, पाचेक वॉटमध्ये भागतं. 'इंटरनेट-इन-अ-बॉक्स' नावाचा तयार संच त्यावर चालतो, त्यात किविक्स आणि कोलिब्री दोन्ही येतं. पण मॉडेल ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा अस्सल अडॅप्टर लागतो, फोनच्या चार्जरवर तो अडखळतो. ८० अंशांना प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून पंखा लावा. आणि लाईट अचानक गेल्यावर मेमरी कार्ड खराब होतं, यासाठी त्याच्या सेटिंगमध्ये 'ओव्हरले फाईल सिस्टिम' चालू करा.

भरलेलं ताजं ठेवणं

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलाने साठ्यातला लेख वाचून मंत्र्याचं नाव वहीत उतरवलं. फाईल वर्षभरापूर्वीची होती आणि मंत्री बदलले होते. चूक माझी होती, मी तारीख कुठेच लिहिली नव्हती. आता क्यूआर कोडच्या खाली मोठ्या अक्षरात साठ्याचा महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं आणि 'चालू घडामोडींसाठी वर्तमानपत्र पाहा' अशी ओळ. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, नवी फाईल आणायची. नवी उघडून पाहिल्याशिवाय जुनी पुसायची नाही.

लॅपटॉपशेजारी दोरीने बांधलेली एक वही ठेवा, वर लिहा 'इथे सापडलं नाही'. मुलं त्यात शब्द लिहितात. पुढच्या वेळी काय भरायचं ते मी त्यावरूनच ठरवतो. 'नंदुरबार जिल्हा कधी झाला' असं एकाने लिहिलं होतं, खाली दुसऱ्याच अक्षरात उत्तर होतं: १ जुलै १९९८, इंग्रजीत आहे, मी शोधलं. एका पानावर 'केळीचा सीएमव्ही', म्हणजे केळीवरचा विषाणूचा रोग, होतं, कोणाच्या तरी वडिलांनी विचारायला सांगितलेलं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं केळी संशोधन केंद्र जळगावलाच आहे. तिथल्या माहितीपत्रिका स्कॅन करून कॅलिबरमध्ये घालायच्या ठरवल्या आहेत.

मागच्या खेपेला 'आजीनी ओवी' असं लिहिलेलं सापडलं. जात्यावरच्या अहिराणी ओव्या कोणत्याच झिम फायलीत नव्हत्या. लिहिणाऱ्या मुलीला विचारलं तर आजी घरीच होती. तिच्या परवानगीने फोनवर तासभर ध्वनिमुद्रण केलं, मुलीने ओवीगणिक तुकडे केले, गावाचं नाव आणि तारीख घातली. आता मुख्य पानावर ते फोल्डर बालभारतीच्या वर आहे. बाकी दोन आज्यांकडे या सुट्टीत जायचं आहे.